दुसऱ्या बाटलीतलं पाणी

प्रयोगशाळेबाहेरच्या खोलीत खुर्च्या पाच होत्या आणि माणसं तीन: एक आजी, एक आजोबा आणि मी.

"अहो, पाय हलवू नका. आपल्या विहिरीत नसेल काही."

"आणि असलं तर? शेजारची अणुभट्टी तीस वर्षं चालली. घर सोडावं लागेल."

"आकडा शंभराच्या वर गेला तरच. आयोडीनच्या दहा हजार कोटी अणूंत शंभर किरणोत्सारी."

"एवढ्यातून शोधतात कसे?"

"यंत्र अणूंना जोरात पळवतं, वजनाप्रमाणे वेगळं करतं आणि एकेक मोजतं. इथल्या बाईंनी सांगितलं तेव्हा तुम्ही पेंगत होता."

"अगं, एक सांगू? रागावू नकोस. तपासणीच्या बाटलीत मी आयोडीनचे चार थेंब टाकले होते."

"का?"

"पाणी गढूळ होतं, म्हटलं जंतू तरी मरतील. लोकांना तसं कसं द्यायचं?"

"म्हणजे यंत्रानं औषधाच्या दुकानातले अणू मोजले असते!"

"असते?"

"तुमची बोटं पिवळी दिसली, तेव्हाच मी दुसरी बाटली भरून इथे दिली."

"आणि महिनाभर बोलली नाहीस!"

"कबूल कधी करताय ते बघत होते."

दार उघडून तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आजी, दुसऱ्या बाटलीचा आकडा आला. दहा हजार कोटींत आठ."