भुंकायचं औषध

सोलापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यापुढं रांग होती. गोजरबाई आपली आजारी शेळी धरून बसली होती. तिच्या पुढं टांगेवाला मैनुद्दीन घोडा घेऊन उभा, आणि त्याच्या पुढं अक्कलकोटापलीकडनं कुत्रं घेऊन आलेले मलकाप्पा.

"कुत्रं तर ठणठणीत दिसतंय की, मामा," मैनुद्दीन म्हणाला.

"भुंकतच न्हाय. भुंकायचं औषध पायजे."

"कवापास्नं?"

"सरकारनं शाळंत टीव्ही बसवला, तवापास्नं. त्यात बैल, शेळी, काय बी दिसलं की ह्ये गाव डोक्यावर घ्यायचं. मग मास्तरांनी युगत सांगितली. टीव्हीत जनावर दिसूनबी गप बसलं, की भाकरीचा तुकडा द्यायचा."

"मग शिकलं?"

"लई हुशार! परवा शाळंमागंच माझं घर, तिथं दारातनं लांडग्यानं शेळी उचलली. ह्ये गप बघत बसलं, आन् तुकडा मागाय माझ्यापाशी आलं."

गोजरबाईनं शेळीचं दावं जवळ ओढलं.

"आन् तुमी?" तिनं विचारलं.

"दिला की तुकडा. आमी शाळंत टीव्ही बघत हुतो, शेळीपालनाचा कार्यक्रम चालला हुता."

"आवं, पर शेळी वरडली आसंल की!"

"लई वरडली. आमाला वाटलं, टीव्हीतलीच हाय."