जाड लोकर की बारीक?

"हॅलो?… हॅलो, बाबा?… ओह. मावशी, तू होय. नाही गं, वाईट कशाला वाटेल, मला वाटलं बाबांचा फोन… हो, घरीच आहे. आत्ताच आले शाळेतून. बूटसुद्धा काढले नाहीत अजून."

बूट काढले नव्हते हे अगदी खरं. दप्तर दारात आडवं पडलं होतं आणि भिंगरी सोफ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून सोफ्यापर्यंत खेपा घालत होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे ते याचसाठी. फोन कानाला लागला की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. त्यातून शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून तिचा आवाज एक मजला वर चढला होता आणि तो काही खाली उतरायला तयार नव्हता.

"आई?… नाही, आई घरी नाही. ऑफिसात आहे… कामावर नाही गं, ऑफिसात! सकाळपासून बसवून ठेवलंय तिला… बसवून म्हणजे बसवून! खुर्चीवर! समोर दोन साहेब आणि एक मॅडम, आणि फिरून फिरून तेच प्रश्न. बाबा गेटबाहेर उभे आहेत, त्यांना आत सोडत नाहीत… चोरी? चोरी कसली! अगं ऐक ना. आधी तू बस… बसलीस? मग ऐक. ती निळी बोट आठवते?… हो, तीच, जी आडवी आल्यामुळे जहाजावरच्या काकांचा हात मोडला. आईचं जहाज तुटलेली केबल जोडायला पोचतं, तर ही बया तिथे आधीच हजर. नांगर टाकून! जशी काही आमंत्रण देऊन बोलावली होती… एकदा असतं तर म्हटलं असतं योगायोग. पण त्याच्या आधीच्या फेरीलाही तेच! मग आता साहेब म्हणतात, जहाजावरचंच कोणीतरी बाहेर सांगतंय. सगळ्यांचे फोन तपासले, आणि संशय कोणावर आला? माझ्या आईवर!… का म्हणजे? ती घरी सगळ्यांत जास्त फोन करते म्हणे! मुलीशी बोलणं हा गुन्हा आहे का मावशी? तूच सांग!… नाही, मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे."

भिंगरीची आई समुद्राच्या तळाशी पडलेल्या इंटरनेटच्या केबल जोडायची. केसाहून बारीक काचेचे धागे, डुलत्या जहाजावर, हात जराही न हलवता. हल्ली या केबल आपोआप कमी आणि कोणीतरी तोडल्यामुळे जास्त तुटत होत्या. म्हणून जहाज कुठे निघालंय हे ऑफिस कोणालाच सांगत नसे, जहाजावरच्या माणसांनाही निघायच्या सकाळपर्यंत पत्ता नसे. आधी एवढंच कळायचं, की अमुक वारी निघायचंय, गरम कपडे घ्या. किंवा, हलके कपडे घ्या. बस.

"काय?… स्वेटर? धन्य आहे तुझी! इथे आईची उलटतपासणी चाललीये आणि तुला स्वेटरचं पडलंय!… हो, गुरुवारी निघायचंय, माहितीये. जर तिला सोडलं तर… हो गं बाई, माहितीये, पहिल्या फेरीपासून दर वेळी ती तुझ्या हातचं काहीतरी नवं अंगावर घालूनच जहाजावर चढते. मी काय आज जन्मले?… एक बाही राहिलीये? मग कर ना पूर्ण, मला काय विचारतेस… कोण विचारतंय?… लोकरराणी? आता ही कोण लोकरराणी?… तुमच्या विणकामाच्या ग्रुपातली. बरं. आणि तिला काय करायचंय आईच्या स्वेटरशी?… काय म्हणाली?… परत सांग. 'गुरुवारच्या आत होईल ना'?"

भिंगरीचे पाय थांबले. खिडकी आणि सोफा यांच्या बरोबर मधोमध.

"मावशी. तिला गुरुवार कसा माहीत?… तू सांगितलंस. अच्छा. सहज. बोलता बोलता… थांब. थांब, फोन ठेवू नकोस, लॅपटॉप उघडते… तुमचा ग्रुप बंद आहे की सगळ्यांना दिसतो?… सगळ्यांना. वा! वा वा!… नाव काय ग्रुपचं?… सापडला. हां, तुझा गुडघ्यावर लोकरीचा गुंडा ठेवलेला फोटो… हो, छान आलाय. मावशी, आत्ता नको ना ते!"

ती बूट घालूनच सोफ्यावर मांडी घालून बसली. एरवी आईने तिला यासाठी फाडून खाल्लं असतं.

"हे बघ. बिनबाह्यांचं पांढरं जाकीट. तू लिहिलंयस, 'धाकट्या बहिणीसाठी, समुद्रावर निघालीये, बारीक सुती धागा, सोमवारपर्यंत हातावेगळं करायचंय.' आणि खाली ही तुझी राणी, 'किती रेखीव टाके ताई! बारीक धागा म्हणजे तिकडे ऊन असेल ना?' आणि तू?… वाचू तू काय लिहिलंस? 'हो गं, घामाने निथळते बिचारी.' मावशी!!… नाही, थांब, मला पुढे बघू दे. कानटोपी. जाड लोकर, दुहेरी वीण. 'या वेळी कान गारठतील तिचे, शुक्रवारी निघते.' आणि राणीचा लगेच बदाम! एवढे बदाम मला कोणी पाठवत नाही… मावशी, पहिल्या वेळी आई खालच्या गरम समुद्रात गेली होती आणि निळी बोट तिथे होती. दुसऱ्या वेळी वरच्या थंड समुद्रात, आणि निळी बोट तिथे होती. आता तूच सांग मला, जहाजावरून कोण सांगत होतं!"

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. भिंगरीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही.

"हो, जहाजाचं नाव नाही घातलंस, कबूल! आईचं नावही नाही, कबूल! पण त्याची गरजच काय? आत्ता दोन केबल तुटल्यात ना, एक वर थंडीत, एक खाली उन्हात? ते बातम्यांतच आहे, सगळ्या जगाला माहितीये. माहीत नाही ते एवढंच, की आपलं जहाज आधी कुठली जोडायला जाणार आणि कधी. आणि ते तू विणून दाखवलंस! वर झाडाला टांगून फोटो काढलास!… अगं हेर म्हणजे काय आता कुंपणावरून उड्या मारतात? कपाटं फोडतात? ते आपले पाय पसरून बसतात आणि वाचतात. तुझी कानटोपी वाचतात. कोणाच्या नवऱ्याची रजा कधी संपते ते वाचतात. कोणाच्या पोराने सायकलवर फोटो काढला तर मागचं गेट बघतात. एकेक टाका! एका टाक्याला काय अर्थ आहे? काही नाही. पण सगळे ओळीने विणले की अंगात घालता येतं की नाही? मग!… ती बाई कशावरून आहे मुळात? चार दाढीवाले पाळीपाळीने लोकरराणी होत असतील. नाहीतर माणूसच नसेल, मशीन असेल. एका वेळी हजार मावश्यांशी गोड बोलतं ते, आणि त्याला कंटाळा येत नाही… काय 'नाही'? कशावरून नाही?"

आणि मग पलीकडून जे आलं ते ऐकताना वादविवादातल्या पहिल्या नंबराचा आवाज एक मजला खाली उतरला.

"…काय म्हणालीस?… गुडघा?… रोज सकाळी विचारते? रोज?… आणि आम्ही… बरं. बरं, ऐकतेय मी… हो. आईसुद्धा नाही… मी तर नाहीच… हो गं. ऐकलं."

लॅपटॉपच्या पडद्यावर लोकरीचा निळा गुंडा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'ताई, आज जिना चढलात का? सावकाश हं.' भिंगरीने ते दोनदा वाचलं. तिला आधी रडू आलं आणि मग, रडू येण्याआधी यायला हवा होता तसा, संताप आला. मावशीचा नव्हे. त्या 'हं'चा.

"किती नीच आहेत गं ही माणसं!… तुला नाही म्हणत! त्यांना! तुझ्या दुखऱ्या गुडघ्यावर पाय ठेवून आईच्या जहाजात चढले! 'सावकाश हं' म्हणे! काकांचा हात मोडला तेव्हा नाही आठवलं सावकाश!… रडू नकोस. मावशी, तू रडलीस तर मीपण रडेन, मग बोलायचं कोणी?… माझ्याशी भांडायचंय ते नंतर भांड. नक्की भांड. मी उलट बोलणार नाही… बरं, थोडंच बोलेन. पण आत्ता आई तिथे बसलीये. सगळे तिला फितूर समजतायत. आपण काय करायचं ते बघ… नाही! पुसू नकोस! मावशी, हात काढ! एक अक्षर पुसायचं नाही. ते पुसलंस तर आईला सोडवायचं कशाने?… शिव्यापण द्यायच्या नाहीत तिला… तुला येतात ते माहितीये मला! पण तिला कळता कामा नये की आपल्याला कळलंय… काय?… 'बेत बदलला, आता बारीक धाग्याचं जाकीट विणतेय' असं टाकू?"

एवढ्या रागातही भिंगरीला फस्सकन हसू फुटलं.

"अगं बाई! तू तर त्या राणीची महाराणी निघालीस! निळी बोट बसेल तिकडे उन्हात भाजत… पण नको. नको ना. ते ऑफिसातल्या त्या मॅडम ठरवतील. तू त्यांना फोन करून सगळं सांग… हो, तू. मी नाही. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी आईला वाचवायला गोष्ट रचतेय. ग्रुप तुझा, सुया तुझ्या, राणी तुझी… आई काय म्हणेल? आई चिडेल. दोन दिवस तोंडातून शब्द काढणार नाही. मग तिसऱ्या दिवशी तूच फोन करशील आणि ती उचलेल, तुमचं नेहमीचंच… लोक हसतील? हसू देत! आणि त्या साहेबांना माझ्याकडून सांग, एवढी कुलपं लावलीत आणि 'गरम कपडे घ्या' कोणी सांगितलं? ते तुम्हीच सांगितलंत ना? आमच्या मावशीने फक्त विणलं! हे सांगच… बरं, नको सांगूस, मी सांगेन नंतर. ऑफिसचा नंबर घे. बाबांनी फ्रिजवर चिकटवलाय… थांब, वाचते… घेतलास? परत म्हणून दाखव… हां. बरोबर."

मग पलीकडून आवाज आला, पण बोलण्याचा नव्हता. काहीतरी भरभर निसटत असल्यासारखा, अधूनमधून सुईवर सुई आपटल्यासारखा.

"मावशी?… हॅलो? काय करतेस?… कसला आवाज आहे तो?… उसवतेस? थांब! ए मावशी, थांब म्हणते ना! सोड तो धागा!… वेडी आहेस का? कशाला?… अगं हात लावावासा वाटत नाही म्हणजे? लोकर काय त्यांची आहे? ती तू आणलीस, आईच्या अंगासाठी! ऐक माझं. ते तारीख बदलतील, रस्ता बदलतील, काय वाटेल ते बदलतील, पण थंडी बदलणार आहे का? ती केबल वरच आहे ना, थंडगार पाण्यात? आज नाही तर उद्या कोणीतरी जाणारच ती जोडायला. आणि आईसारखी जोडणारी आहे कोण दुसरी? बोटं गारठली तर धागा जुळेल का तिच्याने?… किती उसवलंस?… अख्खी बाही! कमाल आहे तुझी, विणायला आठवडा आणि उसवायला माझं एक वाक्य!… मग घाल टाके परत. पण आधी फोन. आधी फोन, मग बाही… आणि फोटो टाकायचा नाही. नाही, मलापण पाठवायचा नाही! मी येऊन बघेन… शनिवारी. शाळा नसते गं शनिवारी… खरंच येईन. स्वेटर बघेन, गुडघा बघेन, जिना चढतेस की नाही तेही बघेन… आता ठेव. तू ठेवल्याशिवाय त्यांना लावणार कशी?… करशील ना? मावशी, करशील ना फोन?… हो म्हण ना एकदा… हॅलो?… हॅलो!"

फोन बंद झाला होता. मावशीने ठेवला, की रडता रडता कट झाला, ते कळायला मार्ग नव्हता. 'हो' काही ऐकू आलं नव्हतं.

भिंगरी सोफ्यावरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. एक बूट काढला. मग तिला दम निघेना म्हणून तिने मावशीचा नंबर लावला.

एंगेज.

तिने फोन ठेवून पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. एका पायात बूट, एक पाय नुसत्या मोज्यात, अशी ती तिथेच उभी राहिली आणि तो टूं-टूं-टूं आवाज, कोणीतरी गाणं लावून द्यावं तसा, कान देऊन ऐकत राहिली.