जोगेश्वरीला बंद पडलेली गाडी

माझं माहेर मालवणाकडचं, काय सांगू तुम्हाला, लग्न होऊन गोरेगावला आले तोवर मोटारीला कधी हात लावला नव्हता, आणि नवरा मिळाला तो मोटारीखाली झोपणारा. आमचे हे अंधेरीच्या एका शेटकडे ड्रायव्हर, शेट विलायतेला कायमचे निघाले तेव्हा जाताना आपली जुनी गाडी यांनाच देऊन गेले. मग काय, रविवार आला की हे गाडीखाली, बाहेर नुसते पाय, आणि खालून हाक, अगो, तो पानो दी. मी चूल सोडून पाना नेऊन द्यायची. गॅरेजचं नाव काढलं तर चिडायचे, आपल्या गाडयेक दुसऱ्याचो हात कित्याक म्हणायचे.

आमचा वसंता फोर्टात ऑफिसात लागला. हे त्याला बोलवायचे, ये रे, बघ तरी, तर तो म्हणायचा बाबा, विका हे भंगार, नवी घेऊ, बिघडली तर गॅरेजवाला येईल, ते त्याचं काम, मी कशाला हात काळे करू. हे पुन्हा गाडीखाली शिरायचे. मी दोघांना वाढायची, दुसरं काय करणार.

मग यांचे हात कापायला लागले. हातात कपबशी वाजायची. तरी गाडी दुसऱ्याकडे दिली नाही, आणि स्वतःला जमत नाही हेही कोणाला सांगितलं नाही.

कुसुम, आमची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला आलेली. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या, वसंता घरीच होता, त्याने गाडी काढली, हे पुढे, मी कुसुमला धरून मागे. दवाखाना सांताक्रूझला. जोगेश्वरीला आलो आणि गाडी आचके देत उभीच राहिली. यांनी उतरून बोनट उघडलं, म्हणाले पेट्रोलच्या नळीत कचरा अडकलाय, एवढंच आहे. एवढंच आहे, एवढंच आहे म्हणत राहिले, पण हात काही नळीवर ठरेना. मग म्हणाले वसंता, तू कर, मी सांगतंय. वसंता वाकला, कुठली नळी, ही का, विचारतोय, यांनी बोट दाखवलं तर बोटही हलतंय, त्याला कळेना, त्याने भलतंच काहीतरी ओढलं आणि पेट्रोल भळभळ खाली गेलं. कुसुम माझा हात पिळत होती, आई, आई करत होती, आणि मी इतकी वर्षं पाने देणारी, मला पाने ओळखता येतात, ते लावायचे कुठे ते नाही माहीत.

शेवटी रस्त्याकडेच्या म्हशींच्या तबेल्यातल्या एका भैयाने बैलगाडी जुंपली, तिच्यातून नेलं कुसुमला, गवतावर निजवून. ती वाचली. मुलगा झाला होता. तो रडलाच नाही.

वसंता म्हणाला गाडी वेळेवर विकली असती तर. हे म्हणाले तू शिकला असतास तर. एकदाच बोलले, पुन्हा त्या विषयावर दोघं बोलले नाहीत. मला दोघांचंही खरं वाटतं, आणि दोघांचंही ऐकवत नाही.

गाडी भंगारात गेली. वसंताने नव्या गाडीसाठी नंबर लावलाय, तिच्या बोनटला घरातल्या कोणी हात लावायचा नाही, असं आतापासून सांगून ठेवलंय. हे ओट्यावर बसून असतात, रस्त्याने मोटार गेली की कान देतात, हिचो एक प्लग गेलो म्हणतात. मी हो म्हणते.

कुसुमला पुन्हा दिवस गेलेत. या खेपेला मी तिला आधीच माझ्या जावेकडे नेऊन ठेवणार, तिथून दवाखान्यात चालत जाता येतं. मला एवढंच सुचतं बघा. बाकी रवळनाथाने बघावं, पोर सुखरूप सुटू दे.