सातवं पान

नाही, मी मान हलवली की मगच उलटायचं — आणि डावीकडे नको, उजव्या अंगाला उभ्या राहा, माझा डावा पाय लागेल तुम्हाला. नेहमीच्या बाई आजारी पडल्या आणि पानं उलटायचं काम तुमच्या गळ्यात आलं, कळतंय मला. पण ऑर्गनपुढे बसलं की हात नि पाय दोन्ही अडकलेले, पान उलटायला तिसरा हात आणू कुठून? तर हे उद्या वाजवायचंय ते आफ्रिकेतल्या ढोलांवरून रचलंय, अगदी नवं, आणि रचणाऱ्या बाई उद्या पहिल्याच रांगेत बसणार आहेत. ढोल म्हणजे माझा डावा पाय, या खालच्या पायपट्ट्यांवर — अकरा मिनिटं एकच ठेका, थांबायची सोय नाही. सुरुवातीला पोटरीत गोळे यायचे. आता चालतो मुकाट.

अडलंय ते या सातव्या पानावर. बघा, खाली ठेका आणि वर सगळं कोरं. एकच ओळ — 'हातांना वाटेल ते वाजवा, पाय बोलावेल तेव्हा परत या.' झालं! माझ्या हातांना कधी कुणी विचारलंय? लहानपणी लिहिल्याबाहेर बोट गेलं की वडील ओरडायचे नाहीत, पेटीचं झाकण लावून निघून जायचे. मी आपली बसलेली, आई जेवायला हाक मारीपर्यंत. नवराही त्यांनीच पाहिला — चांगला आहे हो, तक्रार नाही — तुम्हाला कशाला सांगतेय मी हे? तर मी घरी बसून हे पान लिहून काढलं. हा कागद. आत्ता सुचल्यासारखं वाटावं म्हणून एक चूकसुद्धा घातलीय मुद्दाम.

परवा त्या रचणाऱ्या बाई तालमीला आल्या. ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लिहिलंय छान. कार्यक्रमात मात्र वाजवा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि भीती वाटते — आत काही नसलंच तर?

म्हणून हा कागद तुमच्या पर्समध्ये ठेवा. उद्या मी डोळे वटारले तरी काढायचा नाही. चेन लावलीत? बरं. पाचव्यापासून घेऊ — हा पायाने ठेका धरला. उलटा. सहावं. उलटा.

...

बघितलंत, हात उचललेच नाहीत. द्या तो कागद. नाही, वचनबिचन राहू द्या, द्या इकडे. इथे, स्टँडवर ठेवा. आणि जा आता, उद्या सहाला या. दार ओढून घ्या जाताना — मला उठता येत नाही, पाय चालू आहे.