मूळ संख्येचं मशीन

नाही नाही, मेन स्विचला हात लावू नका हो भाऊ — मीटर तापलाय, कळलं मला, पण जरा थांबा. ती घरघर ऐकू येतेय ना? टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा पंखा आहे तो. महिनोन्महिने चालू आहे, दिवसरात्र — बिलाचं विचारूच नका. आमच्या ह्यांचं काम चाललंय त्याच्यावर. पलीकडच्या खोलीत आहेत — पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून अंथरुणाला खिळलेत. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता एका आकड्याच्या मागे लागलेत. केवढा? दोनला दोननं गुणायचं, परत दोननं, असं कोट्यवधी वेळा, आणि शेवटी एक वजा — लिहायला बसलात तर घराच्या भिंती पुरायच्या नाहीत. आणि हे म्हणतात, ती मूळ संख्या आहे — एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंही भाग जायचा नाही. कशावरून? तर म्हणे, तिच्याकडे बघून वाटतं! आता आकड्याकडे बघून काय वाटायचंय? लग्नाआधी माझ्याकडे बघूनसुद्धा ह्यांना काही वाटलं नव्हतं.

तर मशीन काय करतं — वर्ग करतं, दोन वजा करतं, त्या आकड्यानं भागतं, जी बाकी उरेल तिचा परत वर्ग — असं करत करत अगदी शेवटी बाकी शून्य आली, की आकडा मूळ. नाही आली, तर नाही. मला कुठलं कळायला, ऐकून ऐकून पाठ झालंय. — काय? मधेच बंद केलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं? हो — होतं. माहीत आहे मला.

हळू बोला जरा. झालंय ते. गेल्या महिन्यात, दुपारी भांडी घासून आले तर पडद्यावर निकाल. शून्य नाही, शून्याच्या आसपाससुद्धा नाही. आणि गंमत बघा — भाग जातो एवढंच सांगतं, कशानं जातो ते नाही. मग माणसानं राग तरी कुणावर काढायचा? हे रोज सकाळी विचारतात, "झालं का गं?" मी म्हणते, "चाललंय अजून." डॉक्टर बजावून गेलेत, मन खचू देऊ नका — मी काय करणार? भिंतीतून आवाज जातोय तोवर ह्यांना दोन घास जातायत. म्हणून रिकामंच चालू ठेवलंय. फार भीती वाटते हो, भाऊ. एकदा का ते थांबलं, की मला सांगावं लागेल, आणि —

अहो! मेन स्विच पाडलात? काय केलंत हे? — धूर? कुठे — अगं बाई. बरं, बरं, केलंत ते ठीकच.

...

हो, हो, वायरमन आलेत! — काय म्हणालात? — कसला आवाज? — हलका? कधीपासून?

ऐकलंत का, भाऊ? म्हणतात, तू भांडी घासत होतीस तेव्हाच पंखा हलका झाला. कामाला जुंपलेला पंखा असा फिरत नाही म्हणे. — अहो, मग रोज सकाळी मला विचारत कशाला होतात? — काय? — जरा मोठ्यानं बोला! — ...

म्हणतात, "चाललंय" म्हणताना तू केवढी उमेद आणायचीस, ती मोडवेना.

तुम्ही बाहेर मीटरचं बघा काय ते, भाऊ. आणि तेवढं दार लावून घ्या.