आनि तिला म्हनायचं सायकल

न्हाई, मला एक सांगा, पुन्याच्या दुकानदारानं मानसाला असं बोलावं का? मी आपला पौडापास्नं ती जुनी सायकल ढकलत ढकलत पुन्याला नेली, ढकलतच म्हनतो, कारन बसायचं म्हनलं तर साखळी निसटती, साखळी बसवावी तर पुडलं चाक आपल्या मनानं शेजारच्या गावाला जायाला निघतं... आनि ह्यो गडी गादीवर बसल्या बसल्या नाकाला उपरनं लावून म्हनतो, "हे काय आणलंत?" मी म्हनलं, सायकल हाय, ही ठेवून घ्या आनि नवी द्या, वर काय पडंल ते देतो. तर म्हनतो, "आम्ही जुन्या सायकली घेतो. ही जुनी नाही. ही वारलेली आहे."

आता तुमाला सांगतो, त्यात खोटं काय बी न्हवतं. पन आपल्या म्हशीला आपन शिव्या घालाव्या, दुसऱ्यानं घालू न्हाई, एवढं पुन्यात शिकवत न्हाईत वाटतं.

मी कोंडाजी. मुळशी पेट्यात देवी टोचायचं सरकारी काम माझ्याकडं. लोक देवीडाक्तर म्हनत्यात. डाक्तर न्हाई मी, पन म्हनत्यात तर म्हनू देतो. पोरांच्या दंडावर लस टोचायची, म्हंजी त्यांना देवी येत न्हाईत, आठव्या दिवशी परत जाऊन फोड उठलाय का बगायचं, झालं काम. पन गावं कशी? एक नदीत पाय सोडून बसलेलं, तर दुसरं डोंगराच्या बोडक्यावर! म्हनून अकरा सालामागं बदली होऊन चाललेल्या सडकंच्या एका ओवरशेर साहेबाकडनं ही सायकल घेतली. देताना म्हनला, "कोंडाजी, गाडी अगदी शांत आहे हो." शांत व्हती की. त्याच्या दारात उभी व्हती तवर शांतच व्हती.

ब्रेक तिला न्हवताच, उतार लागला की पायातला जोडा चाकाला लावायचा, दर साली एक जोडा खायाची. टायरात हवा ऱ्हाईना म्हनून भाताचा पेंढा कोंबला, तर बैलं हुंगत हुंगत मागं यायाला लागली. आनि वाजायची कशी... परात, घंगाळ, चिमटं एका पोत्यात घालून डोंगरावनं सोडून द्यावं, तशी. एकदा नदीकाठच्या गावात, गाव बुडवनाऱ्या धरनाचा मोजनीवालाच साखळ्या वाजवत आला समजून बायका मला आडवायला रस्त्यात येऊन बसल्या, मी म्हनलं, बायांनो, मी देवीडाक्तर हाय, तर आनिकच घट बसल्या. आनि तिला म्हनायचं सायकल.

पन खरा घात तिनं केला तो ताम्हिनीच्या वरच्या पठारावर. तितं धनगरवाडा हाय, सात घरं, तेरा पोरं. तीन सालं मी जातुया, तीन सालं एक पोरगं नजरंला पडंना. वाड्यात थोरली तानूबाई. ती मला बसायला घोंगडी द्यायाची, ताक द्यायाची, आनि पोरं कुटं हायेत इचारलं की म्हनायाची, "रानात गेल्यात." तेराच्या तेरा? "व्हय." रांगतं हाय ते बी? "थोरलीनं कडंवर घेतलंय." आता हे कोन खरं मानंल? मी म्हनलं, सुईला भिऊन लपवत्यात, अडानी लोक, ह्यांना काय समजतंय. कळवलं कचेरीत लिवून. तानूबाईचा ल्योक धुळा, त्याला दोनदा पौडाला बोलावनं गेलं. बिचारा दोन्ही बारीला मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आला, दिसभर उन्हात उभा ऱ्हायला, आनि साहेबाम्होरं एवढंच म्हनला की पोरं रानात व्हती. कारकून हसलं. मी बी हसलो, खोटं कशाला बोलू?

मग यंदा शिमग्याच्या आदी घाटाखाली कोकनात देवी आल्या. दोन पोरं गेल्याचा सांगावा आला. साहेब मला म्हनला, ताम्हिनीच्या वाटंवरलं एक बी पोरगं टोचायचं राहता कामा नये. माझ्या डोळ्याम्होरं तो धनगरवाडाच आला. तेरा पोरं, आनि तेरांचं दंड कोरं. झोप लागंना मला. इचार केला, ही गाडी कोसभरावनं वाजती, ऐकू आली की ते लपत्यात. मग गाडीच बदलावी. म्हनून पुन्याला गेलो, आनि त्या दुकानदाराकडनं ते सगळं ऐकून घेऊन नवी सायकल घेतली. काळी कुळकुळीत, सुईदोऱ्याएवढा आवाज न्हाई. पन जुनी त्यानं ठेवून घेतली न्हाई ती न्हाईच. मग परतीला दोन्ही हातात दोन सायकली आनि मधी मी, दोन बायकांच्या दादल्यावानी, पौडापत्तोर चालत आलो. नवी असून चालत! वाटंत जो भेटंल तो इचारतो, "दोन कशापाई वो डाक्तर?" काय सांगू? एक वाजवायला, एक बसायला?

पौडात नथू लोहाराच्या भट्टीवर जुनी नेऊन टाकली. म्हनलं, फुकट घे, खुरपी कर, इळं कर. त्यानं तिला दोनदा उलटी सुलटी केली आनि म्हनला, "ह्यात लोखंड कुटं हाय, डाक्तर? समदा गंजच हाय." घेतली पन. घन उचलला तवा मी म्हनलं, जरा थांब, आनि मुठीवर हात ठेवून बगितला. माझ्या बोटांच्या जागा झिजल्या व्हत्या तिथं. वाईट वाटलं का म्हनाल, तर न्हाई. डोळ्यात गेला तो भट्टीचा धूर व्हता. अकरा सालं मानसाला घाम काढत रडवलं तिनं, आनि तिला म्हनायचं सायकल.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आदी निघालो. चढाला ढकलत नेली, पठारावर बसलो, आनि न्याहारीच्या वक्ताला वाड्यात असा उतरलो की शेळीनं बी मान वर केली न्हाई. बगतो तर काय! मेंढरं वाड्यात निवांत रवंथ करत्यात, आनि तेराच्या तेरा पोरं दारात बसून भाकर खात्यात. मला बगून एक बी उठलं न्हाई. मी जरा ताठ्यातच तानूबाईला म्हनलं, काय, आज लपवायला घावलं न्हाई वाटतं?

तिला उमजंनाच. "लपवायचं कशापाई? आरं डाक्तरा, तुजी ती गाडी वाजाया लागली की मेंढरं बुजून चारी वाटा पळायची. पोरं त्यांच्या मागं. दिस बुडता माघारी यायची. पैल्या साली दोन मेंढरं कड्यावनं गेली माजी."

मी म्हनलं, मग सांगायचं न्हाई का?

"सांगत व्हतो की. रानात गेल्यात म्हनून."

 तीन सालं बाई खरं बोलत व्हती, धुळा पौडाला जाऊन खरंच बोलला, आनि लबाड कोन ठरलं? धुळा तितंच लोकर पिंजत बसला व्हता. त्याला म्हनलं, धुळा, चुकलं माझं. त्यानं मान वर केली न्हाई.

"सायकलीचं चुकलं म्हना की," म्हनला. "ती काय आता उलटून बोलायची न्हाई."

असं बोलला बगा. पुन्याचा दुकानदार परवडला.

पन तानूबाई उठली, एकेका पोराचा दंड धरून म्होरं केला, पैला आपल्या नातवाचा. तेराच्या तेरा टोचली. काय आरडली, काय आरडली, जुनी सायकल बरी म्हनायची येळ आली. सांच्याला घाट उतरताना मात्र मला लई दिसांनी गानं सुचलं.

आठव्या दिवशी फोड बगायला गेलो. मेंढरं जाग्यावर, आनि पोरं? एक न्हाई. तानूबाईला इचारलं, रानात गेली का? म्हनली, "न्हाई, आता लपल्यात." आनि वर बोट केलं. जांभळीवर बारा. रांगतं तेवढं तिच्या कडंवर, ते मला बगून किंचाळाया लागलं. मी खालनं सांगतोय, बाबांनो, टोचत न्हाई, नुसतं बगायचंय, पन इस्वास कोन ठेवतंय? शेवटी तानूबाईनं हुकूम सोडला, दंड दावा रं डाक्तराला. तवा पानांतनं एक एक दंड भाईर आला, आनि मी खालनं मान वर करून मोजतोय, हा उठलाय, हा बी उठलाय... सगळं उठलं व्हतं, कडंवरलं धरून तेरा. बरं वाटलं जिवाला.

तेवढ्यात वरनं एका बारक्यानं माझ्या नव्या सायकलीवर धार धरली. मी बगत उभा ऱ्हायलो. वरडावं तर पडंल झाडावनं, आनि पडलं तर तेराचं बारा हुनार. सायकल नदीवर न्हेऊन धुतली, दुसरं काय करतो... आनि ह्याला म्हनायचं सरकारी नोकरी.