बिबट्याच्या बाजूची बाई

जमलेल्या बाया-बापूंनो, मोहगाव-बोरगावहून आलेल्या भावांनो, जयभीम, रामराम.

मले माइकपुढं बोलाची सवय नाई. सकाळपासून एका जागी बसवत नाई मले. भाकरी केल्या, तशाच झाकून ठेवल्या. इथं आली, तं दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरली. मी संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करनारी कमल. पन आपल्यातून गेलेल्या मालतीताईबद्दल मी नाई बोलली, तं कोन बोलंल?

ताई बिबट्याचा अभ्यास करे. पांढुर्ण्यात खोली घेऊन राहे, जीपनं रानोरान फिरे. लोक हसे. म्हने, एवढी शिकली आन जनावराची विष्ठा गोळा करते! मीबी हसली होती, खोटं काहून बोलू?

मंग माही सुमी गेली. पहिलीत होती. दिवेलागणीले घरामागं गेली, बगीच्याच्या कडेले. आवाजबी आला नाई. सकाळी सापडली.

गावात एकच बोलनं. बिबट्यानं नेली. आन दुसरं बोलनं, आता ती बाई येईन, आन म्हनंल बिबट्या नाईच. तिचं लाडकं जनावर ना!

ताई आली. ओल्या मातीत गुडघे टेकून बसली. ठसे पाह्यले. सुमीच्या मानेवरच्या खुना पाह्यल्या. तिच्या संग तिच्याच कामातला एक साहेब होता. तो हळूच म्हने, "मॅडम, आत्ता काही बोलू नका. लोक चिडलेत. सगळं काम बंद पडेल."

ताई उठली, माह्यापाशी आली. म्हने, "वहिनी, बिबट्यानंच. एक सुळा तुटलेला आहे त्याचा."

येवढंच. बाप्पा, मले वाटलं होतं ही समजावंल, पुस्तकातलं सांगंल. तिनं सरळ हाव म्हटलं.

सोताच जंगलवाल्या साहेबाकडं गेली, पिंजरा आनवला. बिबट्या सापडला, तवा मले बोलावलं. म्हातारं जनावर. तोंड फाडून गुरकावलं, तं एक सुळा अर्धाच. गावानं टाळ्या वाजवल्या. मले काईच वाटलं नाई. पाहून घरी आली, आन अंगनात फिरत राहिली. आजबी तशीच फिरते.

एकदा मी तिले इचारलं, "ताई, माही पोर खाल्ली त्यानं. तुमी त्याच्यापायी काहून जीव टाकता?" ती म्हने, "वहिनी, तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही." आन उठून माह्यासंग तुरी निवडाले बसली.

बोरगावची गोठ आठवते ना तुमाले? वासरू फाडलं होतं. लोक पेटले. गावात मेलेल्या एका बैलावर फवारनीचं जहरी औषध टाकून नाल्यात ठेवाचं ठरलं. एका बिबट्यासाठी! तिथं कोल्हा येईल, तडस येईल, कोनाचं कुत्रं येईल, खालच्या गावची गाय पानी पिईल. ताई धावत आली. वासराच्या जखमा पाहून म्हने, "हे कुत्र्यांचं काम आहे. बिबट्या नाही."

एक जन वरडला, "तुमी तं हेच म्हनसान! तुमी त्याच्याच बाजूच्या!"

मी तठी कापूस वेचाले गेली होती. मी मधात जाऊन उभी राह्यली. म्हटलं, "माह्या पोरीच्या वक्ती ह्या बाईनं हाव म्हटलं होतं. तवा तिले 'बिबट्या नाई' म्हनता येत होतं. आज ती नाई म्हनते, तं नाईच हाये."

मंग त्याच वरडनाऱ्या मानसानं फावडं घेतलं. बैल खड्ड्यात पुरला.

आता ताई तापानं गेली. वाघा-बिबट्यात फिरनाऱ्या बाईले मच्छरानं नेलं. काय म्हनावं याले?

मी खरं सांगते. मले बिबट्या आवडत नाई. आजबी त्याच्या नावानं अंगावर काटा येते. पन कालपासून एकच गोठ जीवाले लागून राहिली. उद्या कोनाचं वासरू गेलं, कोनाचं लेकरू गेलं, तं मातीत गुडघे टेकून खरं काय ते कोन सांगंल? कोनावर भरोसा ठेवाचा आपन? तुमच्यातल्या कोनापाशी याचं उत्तर असंल, तं घरी जाता जाता मले सांगा.

पुढच्या ओळीत ताईची आई बसली हाये. लय दुरून आली. माय, मी तुमाले धीर देऊ शकत नाई. लेक गेल्यावर धीर येत नाई, हे मले माईत हाये. पन येवढं घेऊन जा. तुमची लेक माह्या दारात उभी राह्यली, आन माह्याशी खोटं नाई बोलली.

आता सगळे ताईसाठी दोन मिनटं उभे राहा. लेकरं रडली तं रडू द्या, त्याईले दटावू नका. आपन मोठ्यायनं तेवढं गप रावं.

ताई, जयभीम.